कामाची गणना आणि कर्माचा विचार

जनगणनेच्या अनुसूचीत, म्हणजे प्रगणक घरोघरी जाऊन भरतो त्या तक्त्यात, वय, लिंग आणि शिक्षण यांच्या जोडीने प्रत्येक व्यक्तीच्या कामाविषयी काही प्रश्न असतात आणि त्यांच्या उत्तरांवरून देशातील प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या वर्गात बसवला जातो. वयाचा आकडा सांगताना चूक होऊ शकते, पण वय म्हणजे काय याविषयी कोणाचा वाद नसतो. काम कशाला म्हणावे आणि एकाच माणसाच्या अनेक कामांपैकी मुख्य कोणते मानावे, याविषयी मात्र धर्मग्रंथ, नीतिशास्त्र आणि संतपरंपरा यांनी शतकानुशतके विचार केला आहे. त्यामुळे हा रकाना भरून घेताना राज्यसंस्था, तिचा तसा हेतू नसतानाही, एका जुन्या तात्त्विक प्रश्नाला उत्तर देत असते. व्यवसायांचे वर्गीकरण आवश्यक आहे, किंबहुना ते न्यायाला उपकारक आहे. परंतु ते माणसांच्या कृतींचे वर्गीकरण राहील तोवरच. त्याचे रूपांतर माणसांच्या प्रतवारीत झाले, की जातिव्यवस्थेने जन्माच्या आधारावर जो अन्याय केला, तोच अन्याय मिळकतीच्या आधारावर नव्याने घडू लागतो.

भारतात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, तरी संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली गणना १८८१ ची होय. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी कामाविषयी विचारणा होत आली. मात्र विचारण्याची रीत आणि कामाची व्याख्या वेळोवेळी बदलली. १९११ च्या गणनेने फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तीयाँ यांच्या आराखड्यावर आधारलेली योजना स्वीकारली. तिच्यात कच्च्या मालाचे उत्पादन, वस्तूंची निर्मिती आणि पुरवठा, शासन व विद्याव्यवसाय असे वर्ग होते आणि सर्वांत शेवटी ‘अनुत्पादक’ नावाचा एक उपवर्ग होता, ज्यात तुरुंगातील कैदी, भिकारी, भटके आणि वेश्या यांची गणना एकत्र केली जाई. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये ‘काम करणारे’ आणि ‘काम न करणारे’ अशी सरळ विभागणी झाली आणि हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बहुतेक काळात रोज एका तासाहून अधिक नियमित काम करणाऱ्यालाही काम करणारा मानले गेले. १९७१ मध्ये माणसाचा वेळ मुख्यतः कशात जातो हे आधी विचारण्यात आले, आणि घरकाम मुख्य सांगणाऱ्या स्त्रीचे शेतातील काम दुय्यम ठरून ती काम न करणाऱ्यांत गेली. शेतावरच्या बायकांचे कष्ट त्या दहा वर्षांत कमी झाले नव्हते, तरी काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कागदावर निम्म्याच्या आसपास खाली आले. १९८१ पासून वर्षातील सहा महिने किंवा अधिक काळ काम करणारे ते ‘मुख्य काम करणारे’, त्याहून कमी काळ काम करणारे ते ‘सीमांतिक काम करणारे’ आणि अजिबात काम न करणारे, अशी तिहेरी रचना रूढ झाली, आणि २००१ पासून काम करणाऱ्यांचे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार असे चार गट करण्यात आले.

व्याख्या बदलताच कोट्यवधी माणसे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात, या वस्तुस्थितीतून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘कामगार’ हा वर्ग डोंगर किंवा नदी यांच्याप्रमाणे आधीपासून अस्तित्वात असून जनगणना तो केवळ मोजते, असे म्हणता येत नाही. मोजण्याच्या निकषानेच त्याची सीमा आखली जाते. गणना आणि वर्गीकरण यांमुळे समाजाकडे पाहण्याची दृष्टी कशी घडते, याचा विचार मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोह्न यांनी भारतीय जनगणनेच्या संदर्भात केला आहे. वसाहतकाळात लोक स्वतःच्या समाजाकडे एक वस्तू म्हणून, बाहेरून पाहावे तसे, पाहू लागले, असे त्यांचे प्रतिपादन होते. सीमा माणसाने आखलेली असेल, तर ती कोठे आखावी हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. ती आखणाऱ्यावर तिच्या परिणामांची नैतिक जबाबदारी येते.

सध्याची सीमा कोठे आहे हे एका उदाहरणाने पाहता येईल. २००१ च्या व्याख्येनुसार केवळ घरच्या वापरासाठी शेती करणारी किंवा दूध काढणारी व्यक्तीही काम करणारी मानली जाते. म्हणजे पहाटे गोठ्यात जाऊन म्हशीची धार काढणारी स्त्री, त्या दुधाचा एक थेंबही विकला जात नसला तरी, त्या वेळेपुरती काम करत असते. तेच दूध चुलीवर तापवून, विरजण लावून, ताक घुसळून, लोणी कढवून ती घरच्यांच्या पानात तूप वाढते, तेव्हा मात्र व्याख्येच्या दृष्टीने ती काम करत नसते. या भेदामागे राष्ट्रीय लेखापद्धतीतील, म्हणजे देशाचे उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील, एक संकेत आहे: घरात वापरण्यासाठी निर्माण केलेली वस्तू उत्पादनात धरायची, पण घरच्यांसाठी विनामोबदला केलेली सेवा धरायची नाही. हा संकेत निरर्थक नाही. बाजारातील उलाढाल, रोजगार आणि बेकारी यांचा अंदाज घेण्यासाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि घरातील प्रत्येक सेवा उत्पादनात धरली, तर बेकार माणूस शोधूनही सापडणार नाही. दोष रेघ ओढण्यात नाही. रेघेच्या पलीकडे काही घडतच नाही असे मानण्यात आहे. २०१९ मध्ये झालेल्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसून आले. दिवसाचे पाच तास घेणारी ही कृती ज्या तक्त्यात ‘काम न करणारे’ या मथळ्याखाली येते, त्या तक्त्यातील मथळा वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही, ती झाकतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१० मध्ये अपघातात मृत्यू पावलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमूर्ती ए. के. गांगुली यांनी आपल्या निकालपत्रात याच मुद्द्याकडे लक्ष वेधले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी स्त्रिया काम न करणाऱ्यांत धरल्या गेल्या असून त्यांचा वर्ग भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत लावला गेला आहे, ही बाब त्यांनी असंवेदनशीलतेची खूण मानली. ही टीका योग्यच आहे. तथापि तिच्यात एक पुढचा प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. गृहिणीला या रांगेतून बाहेर काढले की अन्याय संपला, असे म्हणणे म्हणजे उरलेली माणसे त्या रांगेत योग्य ठिकाणीच उभी आहेत असे मानणे होय. भिक्षेवर जगणारा माणूस ‘अनुत्पादक’ असतो का, आणि असला तरी त्यावरून त्याच्याविषयी नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला अनोळखी नाही.

सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची कथा येते. पेरणीच्या दिवसांत तो आपल्या शेतावर माणसांना अन्न वाटत असताना बुद्ध भिक्षापात्र घेऊन तेथे उभे राहतात. आपण नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तेव्हा श्रमणानेही नांगरून-पेरून खावे, असे तो सुनावतो. आपणही शेतकरीच आहोत, असे उत्तर देऊन बुद्ध श्रद्धा, प्रज्ञा, स्मृती आणि वीर्य यांना बी, नांगर आणि शेतीच्या इतर साधनांच्या जागी ठेवतात आणि या शेतीचे पीक दुःखमुक्ती हे असल्याचे सांगतात. ब्राह्मणाचा आक्षेप आजच्या कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला पटेल असाच आहे, आणि म्हणूनच त्या उत्तराचे महत्त्व आहे: भिक्षूला श्रमातून सूट मिळावी असे ते म्हणत नाही, तर श्रमाची व्याप्ती वाढवते. याच परंपरेत अष्टांगमार्गातील एक अंग ‘सम्यक आजीव’ हे आहे. उपजीविका योग्य मार्गाने करावी, हा त्याचा अर्थ. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बौद्ध वचन आहे. जनगणनेच्या लेखी विषाचा व्यापारी आणि औषधाचा व्यापारी हे दोघेही काम करणारे, तर ध्यानस्थ भिक्षू काम न करणारा; बौद्ध दृष्टीने हा क्रम नेमका उलटा होतो.

१९११ च्या योजनेपुढे हीच अडचण उभी राहिली होती. तिने भिकाऱ्याला ‘अनुत्पादक’ उपवर्गात ठेवले, पण धार्मिक भिक्षुक आणि मठवासी यांना विद्याव्यवसायांच्या वर्गात, धर्म या शीर्षकाखाली, पुरोहितांजवळ जागा दिली. हातातले पात्र तेच, दारात उभे राहणेही तेच. एकाच्या मागण्याला समाजाने धर्माचा आधार मानला आणि दुसऱ्याच्या मागण्याला मानला नाही, एवढाच फरक. अलीकडच्या व्याख्येत पुरोहित आणि मनोरंजन करणारे कलावंत ‘इतर कामगार’ या गटात स्पष्टपणे येतात, तर भिकारी काम न करणाऱ्यांत राहतो. महाराष्ट्रात मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या आणि टाळ वाजवत पहाटे दारोदार गाणारा वासुदेव, अंबेचा गोंधळ घालणारा गोंधळी किंवा नंदीबैलवाला यांना या रचनेत कोठे ठेवावे? ते देवाचे नाव घेतात म्हणून पुरोहितांच्या जवळचे आहेत, गातात-नाचतात म्हणून कलावंत आहेत आणि सुपातले दाणे झोळीत घेतात म्हणून भिक्षेकरीही आहेत. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तर सार्वजनिक जागी गाणे, नाचणे किंवा भविष्य सांगणे यांच्या मिषाने भिक्षा घेणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले. दान घेऊन दान पावल्याचे गाणे गाणाऱ्याला गाव आपला धार्मिक सेवक मानत होते. कायद्याने त्याला गुन्हेगाराच्या जवळ नेऊन ठेवले. प्रगणकाने त्या घरी एक शब्द लिहिला की कलावंतांची संख्या एकाने वाढते आणि दुसरा लिहिला की भिकाऱ्यांची. २०११ च्या गणनेत भिकारी व तत्सम म्हणून नोंदल्या गेलेल्या ४ लाखांहून अधिक माणसांकडे पाहताना या संदिग्धतेचे स्मरण ठेवले पाहिजे.

असे असले तरी, जनगणनेच्या उणिवांवर धर्मविचारात तयार उत्तर आहे आणि ते उचलून आणले की पुरे, असे समजणे घाईचे ठरेल. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाचे आख्यान या दृष्टीने फार बोलके आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण एका दारी भिक्षेला जातो; घरची स्त्री पतीच्या सेवेत असल्यामुळे त्याला थांबावे लागते आणि तो रागावतो, तेव्हा त्याने क्रोधाने पाहून एका बगळीला जाळल्याचे आपल्याला ठाऊक आहे, हे ती त्याच्या लक्षात आणून देते आणि धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेतील व्याधाकडे जा, असे सांगते. तो व्याध मांसाच्या दुकानात बसलेला असतो, आणि तोच ब्राह्मणाला आपल्या घरी नेऊन धर्माचे रहस्य शिकवतो. जनगणनेच्या निकषाने पाहिले, तर या तिघांपैकी काम करणारा फक्त मांसविक्रेता. गृहिणी आणि भिक्षेकरी तपस्वी हे दोघेही काम न करणारे. महाभारताने मात्र गृहिणी आणि खाटीक यांना गुरुस्थानी बसवले आणि ज्याची प्रतिष्ठा सर्वांत मोठी होती त्याला शिष्य केले. कामाच्या सामाजिक दर्जावरून माणसाच्या आत्मिक उंचीचा अंदाज करता येत नाही, हे यातील तत्त्व असून ते मोठे आहे.

परंतु त्याच आख्यानात व्याध असेही सांगतो की हा धंदा आपल्याकडे कुळाने चालत आला आहे, तो पूर्वकर्माचे फळ आहे आणि तो सोडणे हा धर्म नव्हे. गीतेतील स्वधर्माची कल्पना, म्हणजे स्वतःच्या वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये हा विचार, समाजाने बहुतांशी याच अर्थाने आचरला. काम पवित्र आहे, हे सांगता सांगता तेच काम करत राहा, असे सांगितले गेले, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढणे किंवा मैला वाहणे आले, त्यांना पावित्र्याचा हा उपदेश बेडीसारखा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हा जो मुद्दा मांडला, त्याचा रोख येथेच आहे. वारकरी संतांनी देवाच्या दारी कुंभार, माळी, शिंपी, सोनार, न्हावी यांच्या कामाला मान मिळवून दिला. दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईच्या दळण-कांडणात विठ्ठल हात लावतो, ही श्रद्धा मराठी मनात खोल रुजली. ती मराठी संस्कृतीच्या सर्वोत्तम ठेव्यांपैकी एक आहे. पण चोखामेळ्याच्या भक्तीने त्याला मंदिराच्या आत नेले नाही, ही गोष्टही त्याच परंपरेच्या नोंदीत आहे. कामाला भक्तीचे मोल चढले, तरी काम बदलण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळाला नाही.

या ठिकाणी जनगणनेच्या कोरड्या रकान्याची एक बाजू पुढे येते, जिचा विचार क्वचितच केला जातो. २०११ ची अनुसूची माणसाला तुझे कुळ कोणते काम करते असे विचारत नव्हती. गेल्या वर्षभरात तू काय केलेस, एवढेच विचारत होती, आणि हाच प्रश्न ती दहा वर्षांनी पुन्हा विचारणार असे गृहीत होते. उत्तर बदलू शकते, हे या प्रश्नात मानलेलेच आहे. १८९१ च्या गणनेत जे. ए. बेन्स यांनी जातींची मांडणी त्यांच्या परंपरागत व्यवसायांनुसार केली होती. त्या मांडणीत माणूस काय करतो यापेक्षा त्याच्या पूर्वजांनी काय केले याला महत्त्व होते. गेल्या वर्षाच्या कृतीवर आधारलेला प्रश्न हा त्या दृष्टीला दिलेला नकार आहे आणि त्या अर्थाने तो स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

याचा प्रत्यय बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या उदाहरणात येतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात आणि पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. पहाटे उठून ऊस तोडणारी, मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी आणि परतल्यावर भाकऱ्या थापणारी स्त्री बाजाराच्या हिशेबात अर्धी असते, आणि तो अर्धा हिस्साही बहुधा दुसऱ्याच्या हाती पडतो. फेब्रुवारी २०११ मध्ये, ऐन हंगामात, गणना झाली, तेव्हा प्रगणक त्या कोपीपर्यंत पोहोचला असेल, तर त्याच्या कागदावर त्या स्त्रीसाठी स्वतंत्र ओळ होती. ती शेतमजूर की गावाकडच्या कोरडवाहू तुकड्यामुळे शेतकरी, मुख्य काम करणारी की पाच महिन्यांच्या हिशेबाने सीमांतिक, हे ठरवताना चूक होण्याची शक्यता पुष्कळ आहे. तरी कोयता ही व्यक्ती नाही आणि ती स्त्री व्यक्ती आहे, एवढे सत्य त्या ओळीने मान्य केले. जो वर्गातच येत नाही त्याच्या हक्काचीही दखल घेतली जात नाही; म्हणून वर्गीकरण नकोच, ही भूमिका दुबळ्यांच्या हिताची ठरत नाही. २०११ मध्ये शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त झाल्याचे दिसले, सुमारे १४ कोटी ४३ लाख शेतमजूर आणि ११ कोटी ८७ लाख शेतकरी, तेव्हा भूमिहीन होत चाललेल्या खेड्याची स्थिती कोणालाही नाकारता येणार नाही अशा रूपात समोर आली, आणि हे काम केवळ गणनाच करू शकत होती.

मुख्य काम कोणते, या प्रश्नाला म्हणून दोन उत्तरे देता येतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. अधिकात अधिक वेळ आणि उपजीविका ज्यावर अवलंबून ते मुख्य, हे राज्यसंस्थेचे उत्तर. धोरण आखण्यासाठी तेच हवे. ज्यामुळे माणूस स्वतःला आणि इतरांना दुःखातून सोडवतो, ज्यात त्याचे शील दिसते ते मुख्य, हे बुद्धाचे, व्याधाचे आणि संतांचे उत्तर. जगण्यासाठी ते हवे. राज्यसंस्थेने दुसऱ्या उत्तराची मोजदाद करू नये, कारण अंतःकरणाची प्रतवारी करणारे शासन जाचक होईल. पण आपल्या पहिल्या उत्तराने दुसऱ्याची जागा घेतली, असा आभासही तिने निर्माण करू नये. त्यासाठी तीन गोष्टी तिच्या हाती आहेत. ‘काम न करणारे’ हा मथळा सोडून विनामोबदला सेवा, शिक्षण, वार्धक्य, भिक्षा यांपैकी जे आहे ते त्याच्या नावाने लिहिता येईल. ज्यांचे वर्गीकरण होते त्यांना, विशेषतः भटक्या समाजांना आणि घरात राबणाऱ्या स्त्रियांना, वर्ग ठरवण्याच्या प्रक्रियेत मत देता येईल. आणि प्रत्येक उत्तर त्या व्यक्तीच्याच तोंडून घेण्याची शिस्त प्रगणकाला लावता येईल, कारण घरातील कर्त्या पुरुषाने बायकोविषयी ‘ती काही करत नाही’ असे सांगितल्यावर कित्येकदा नोंद तेथेच संपते.

या गोष्टींना आज विशेष निकड आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून होणाऱ्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला असून १९३१ नंतर प्रथमच जात आणि व्यवसाय हे दोन्ही रकाने सर्वांसाठी शेजारी शेजारी येतील. त्या दोन रकान्यांचा मेळ कोठे अजूनही जुळतो आहे, कोणत्या जातीच्या माणसांच्या वाट्याला आजही तेच गटार आणि तोच कोयता येतो आहे, हे त्यातून कळू शकेल, आणि ते कळणे हा समाजाच्या नैतिक आत्मपरीक्षणाचा भाग ठरेल. मात्र हे दोन रकाने जुळलेले पाहून त्यात निसर्गक्रम शोधला गेला, तर १८९१ ची दृष्टी परत येईल. आकडे तेच असतील. ते अन्यायाचा पुरावा म्हणून वाचायचे की समाजाची रीत म्हणून, हे वाचणाऱ्याच्या धर्मबुद्धीवर अवलंबून राहील, आणि त्या बुद्धीची जबाबदारी कोणत्याही अनुसूचीवर टाकता येत नाही.